सफरअलीने दाखवलेली जागा

वख्श खोऱ्यातल्या आमच्या शाळेच्या भिंतीवर, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात लढलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी जूनमध्ये बसायची होती. पुस्तकात त्या युद्धाला दोन परिच्छेद. तेवढे वाचायचे आणि पुढे सरकायचं, असं मुख्याध्यापकांनी बजावलेलं. पण इतिहास शिकवणाऱ्या जुलैखाबाईंना वाटलं, पाटीवरचा एखादा माणूस मुलांनी प्रत्यक्ष बघावा. मे महिन्यात त्यांनी सफरअली सुताराला नववीच्या वर्गात बोलावलं. मी तिथे गणित शिकवायचो. मलाही बसायला सांगितलं.

सफरअली लंगडत आला. शत्रूला पुलावर कसं अडवलं ते त्याने सांगितलं, पण बोलता बोलता नजर सारखी दाराकडे जात होती. मग ओयगुल नावाच्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लढलात कुणाशी?"

"कालव्यापलीकडच्या लोकांशी."

"म्हणजे आमच्याशी."

पोरं हसली. सफरअलीने तिला विचारलं, तू कुणाची. तिने आजोबाचं नाव सांगितलं: सैदमुरोद, ट्रॅक्टर चालवायचा तो.

म्हातारा गुडघा चोळत राहिला. "याच खोलीत कोंडलं होतं पलीकडच्या माणसांना," तो म्हणाला. "तुझ्या आजोबाला मीच हाक मारून बाहेर काढलं. शेजारी शेजारी कामाला होतो आम्ही. माझा आवाज ओळखला, म्हणून निमूट आला बिचारा."

मला वाटलं, बाई आता त्याला थांबवतील. त्यांनी नाही थांबवलं. कुठे पुरलं, तेवढंच विचारलं.

सैदमुरोद रशियाला पळाला, तिकडे दुसरा संसार थाटला, असं गाव बोलायचं. त्याची बायको ओयजमोल ते ऐकत ऐकत म्हातारी झाली होती. दुसऱ्या दिवशी ती लेकांना घेऊन सांडपाण्याच्या चरापाशी आली. सफरअलीने बोरूच्या बेटातली जागा दाखवली. फार खणावं लागलं नाही. कवटीत सैदमुरोदने बसवून घेतलेले पुढचे पोलादी दात तसेच होते. ओयजमोल खाली बसली आणि ओढणीच्या टोकाने त्यांवरची माती पुसत राहिली.

सफरअली माफीचं काहीतरी पुटपुटला.

"ते माझ्याकडे मागू नकोस," ती म्हणाली. "फावडं घे आणि कबरस्तानात चल. पहिला खड्डा उथळ खणला होतास. हा नीट खण."

त्याने खणला. तिच्या लेकांनी हात लावला नाही, त्याला पाणीही विचारलं नाही.

आठवड्यात जुलैखाबाईंचा इतिहास काढून घेतला आणि त्यांना मुलींच्या शिवणाच्या तासावर बसवलं. सफरअलीचे जुने साथीदार त्याला फितूर म्हणू लागले. त्याच्याकडे दारं-खिडक्या करायला कुणी येईना. जूनमध्ये पाटी बसली, तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. मुलांनी एकतेचं गाणं म्हटलं. ओयगुल आली नव्हती.

दफनानंतर चाळिसाव्या दिवशी ओयजमोलने नवऱ्याच्या नावाने तंदूर पेटवून भाकऱ्या भाजल्या आणि कालव्याच्या दोन्ही काठांवर घरोघर वाटायला धाडल्या. आमच्या, म्हणजे सफरअलीच्या, बाजूच्या कितीतरी घरांनी त्या दारातूनच परत केल्या. सफरअलीच्या घरी मात्र तिने भाकरी धाडलीच नव्हती. तो दिवसभर उंबऱ्यावर बसून होता.

बाई अजून शिवणच शिकवतात.