तीनदा धुतलेला नमुना

"नळ बंद करा, काका!"

माझा हात तोटीवरच थांबला. चिमट्यात धरलेला आतड्याचा इवलासा तुकडा मी सवयीने धारेखाली नेत होतो. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. हाताने पातळ काप काढणारे कोणी उरले नाही, म्हणून या तरुण डॉक्टरबाईंनी मला प्रयोगशाळेत पुन्हा बोलावून घेतले होते.

"धुवायचं नाही?"

"अजिबात नाही. वरचा बुळबुळीत थर पाण्याबरोबर जातो, आणि मला तोच हवाय. त्यातल्या साखरा कमी झाल्या की थर विरळ होतो, मग आतडं सुजतं, असं दिसतंय."

"साखरा?"

"चहातल्या नव्हेत हो! श्लेष्म्याच्या, म्हणजे त्या बुळबुळीत थराच्या, रेणूंवर झुपक्यांनी चिकटलेल्या."

मी ओशाळून हसलो. आमच्या काळी तो थर म्हणजे घाण. तंत्रनिकेतनात शिकलेली माझी शिस्त अशी, की प्रत्येक नमुना तीनदा धुवायचा. माझा सहकारी, त्याला आम्ही 'वादळ' म्हणत असू, तुकडा तसाच बाटलीत टाकून चहाला पळे.

"तुझे नमुने पारोसे असतात," मी म्हणे.

"आणि तू एक दिवस पेशंटलाच धुऊन वाळत घालशील," तो दारातून ओरडे.

याच प्रयोगशाळेत मी माझ्या बायकोचा, हिचाही तुकडा धुतला होता. "अहो, आतून सोलवटल्यासारखं वाटतं," ही तेव्हा म्हणे. "खरचटल्यावर पाणी कसं झोंबतं, तसं." अहवाल आला, 'विशेष दोष नाही'. माझ्याच वळणदार अक्षरात मी तो नोंदवहीत उतरवला. माझी थोरली बहीण म्हणाली, "नाजूकपणाची हौस, दुसरं काय!" मी तेवढे बोललो नाही. मी फक्त म्हणालो, "जरा मन रमव." त्यानंतर हिने मला सांगणेच सोडले. दोन वर्षांनी रक्त पडू लागले, तेव्हा आजाराला नाव मिळाले. ही जाऊनही आता चार वर्षे झाली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "जुन्या कपाटात मेणात जपलेल्या तुकड्याचा एक ठोकळा माझ्या घरचा, हिचा आहे."

त्यांनी कारण विचारले नाही. मेणाच्या ठोकळ्याचा काप मीच काढला, त्या साखरा दाखवणारा निळा रंग मीच चढवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले.

"वरचा थर नाहीये. धुतला गेलाय."

"मीच धुतला. तीनदा."

त्या काच किंचित सरकवून म्हणाल्या, "पण पेशींच्या आतला श्लेष्म्याचा साठा धुण्याने जात नाही. आधी ही निरोगी माणसाची काच बघा, मग ही."

निरोगी काचेत पेशी टपोऱ्या निळ्या मण्यांसारख्या भरलेल्या होत्या. हिच्या काचेत त्या तुरळक, आणि रंग खूप फिका.

"सूज नव्हती, म्हणून दोष नाही असं लिहिलं गेलं. हा रंग तेव्हा कोणी लावलाच नसणार. एका काचेवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, काका. पण काकू म्हणत असतील, तसं काहीतरी होतं खरं."

"म्हणत होती," मी म्हणालो. "मलाच."

थोड्या वेळाने त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. "बंद करू?"

"राहू द्या जरा."

मी पुन्हा डोळा लावला आणि वरच्या कोपऱ्यातल्या पहिल्या पेशीपासून, एकेक करत, सावकाश बघू लागलो.