कप्प्यातला नंबर

घरात त्याला सगळे वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी त्याने कधी चढली नव्हती. तो विजेवरच्या गाड्या विकायचा. पण बोलून समोरच्याला गप्प करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, निदान तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तरी.

त्याचं हुकमी पान होतं कप्प्यातला नंबर. कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाचा नियमच होता, प्रत्येक गाडीच्या पुढच्या कप्प्यात त्याचा स्वतःचा फोन नंबर चिकटवायचा. गिऱ्हाईक घुटमळलं की वकील म्हणायचा, गाडी नंतर बघा, आधी मालक बघा. आणि तिथल्या तिथे नंबर लावायचा. पलीकडून खरखरीत आवाजात "बोला" यायचं. हा किस्सा त्याने घरी जेवताना इतक्यांदा सांगितला होता की भिंतींनाही पाठ झाला असेल.

मग म्हाताऱ्याला बाजूला सारून नवा साहेब आला. बोलण्यात पटाईत. नंबर त्याने तसाच ठेवला, फक्त उचलायला मशीन बसवलं. गाड्या चालता चालता बंद पडायच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेब मंचावर हसून म्हणाला, लोकांना चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या विक्रेत्यांना तेच वाक्य पाठ करायला मिळालं. वकिलाने तेही गिळलं. तेव्हापासून त्याच्या हातून एकही गाडी खपली नव्हती. आज सकाळी मॅनेजरने स्पष्टच सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत एक तरी विक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

आणि दुपारी शोरूमच्या दारात थोरली बहीण हजर. ताई नर्स होती. डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जायची आणि तिची जुनी गाडी आता थकली होती. तिला पाहून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं.

दोघं गाडीत बसली. दारं लागली आणि आत स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकं शांत झालं. काचेपलीकडे मॅनेजर उगाचच टेबल पुसत होता. वकिलाने बॅटरी, सीट, सामानाची जागा, सगळं एका दमात सांगून टाकलं. ताईने ऐकून घेतलं आणि कप्पा उघडला.

"लाव त्या म्हाताऱ्याला फोन."

म्हातारा आता कंपनीत नाही, नवे साहेब आहेत, फार हुशार आहेत, असं काहीबाही तो बोलला. ताईने स्वतःच नंबर लावला. साहेबाचा गोड आवाज आला, तुमचा विश्वास हीच आमची ताकद, आणि पुढे नुसतं संगीत. ताई हट्टाची पक्की, ती ऐकत बसली. उतरावं तर बाहेर मॅनेजर, बसावं तर शेजारी ताई. इकडे आड तिकडे विहीर.

शेवटी तिने फोन ठेवला आणि पर्समधून पेन काढलं.

"इथे तुझा नंबर लिही. साहेबाला मी ओळखत नाही, तुला ओळखते."

त्याने लिहिला. आकडे वाकडे आले. सौदा ठरला असं समजून काचेपलीकडून मॅनेजरने अंगठा वर केला. वकिलाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. ताईनेच लावला होता.

"उचल," ती म्हणाली.

त्याने फोन कानाला लावला. "बोला."

"वर डोंगरात एक बाई अडलीय," समोर बघत ताई फोनमध्ये म्हणाली. "ही गाडी मला तिथवर नेईल ना?"

लोकांना चालवता येत नाही, हे वाक्य जिभेवर तयारच होतं. त्याने दात आवळून ते आत ठेवलं. मॅनेजरचा अंगठा अजून वरच होता.

"नको घेऊस, ताई."

ताईने मान डोलावली. जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली तरी वकील गाडीतच बसून होता. दार नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं, पण बाहेर मॅनेजर विक्रीचे बिनसहीचे कागद घेऊन उभा होता.