ग्लुकोजच्या डब्याचा जळफळाट

मी ग्लुकोज पावडरचा डबा बोलतोय. गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या एका रुग्णालयात, औषधांच्या ट्रॉलीवर, खालच्या कप्प्यात कापसामागे मला ढकललेलं आहे.

वरच्या कप्प्यात डेक्स्ट्रोजचं इंजेक्शन. आत साखरच हो, माझ्यासारखीच! पण मान केवढा! सिस्टर त्याला अलगद उचलतात, उजेडात धरून बघतात. मला मात्र उन्हातून आलेली वॉर्डातली मावशी सरबतासाठी चहाच्या चमच्याने उपसते. जीव जळतो माझा.

एकदा दीपिका सिस्टर नव्या नर्सना शिकवत होत्या. "इन्सुलिनवाल्या पेशंटले घाम सुटला, हात थरथरून राह्यले, तो भलतंच बोलून राह्यला, तर काय करसान?"

"बीपी पाहू," हर्षा म्हणाली. ती नुकतीच रुजू झाली होती.

"पाहा, पण पयले बोटातला थेंब घेऊन शुगर तपासा. सत्तरच्या खाली असन आन् त्याले गिळता येत असन, तर हे पाण्यात घोलून पाजा. पंधरा मिनिटांनी परत तपासा. मंग खायला द्या."

'हे' म्हणजे मी! सिस्टरांनी मला सगळ्यांसमोर उंच धरलं होतं. त्या दिवशी मी वरच्या कप्प्याकडे ताठ मानेने पाहिलं.

मग श्रीहरीभाऊंची ती सकाळ आली. धानाचे शेतकरी, मधुमेहाचे रुग्ण, पायाच्या जखमेसाठी भरती झालेले. इन्सुलिन दिलं आणि लगेच एक्स-रेला नेलं. नाश्ता तसाच राहिला. परतले ते घामाने भिजून.

"सिस्टर, हे मले वळखून नाई राह्यले!" त्यांची बायको अंजनाबाई ओरडली.

हर्षा धावली. शुगर अडतीस! भाऊंची मान कलंडली. हर्षाने मलाच उचललं. वरच्याकडे पाहिलंसुद्धा नाही! चमचा ओठांपर्यंत गेला, माझा ऊर भरून आला.

"थांब!" दीपिका सिस्टरांनी तिचा हात धरला. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच नाई टाकायचं. श्वासनळीत जाईन. शिरेतून दे!"

मी टेबलावर आपटलो. ते इंजेक्शन शिरेतून गेलं. हळूहळू भाऊंनी डोळे उघडले.

"अंजने, भूक लागली वं."

अंजनाबाई रडता रडता हसली. कुणी दूध आणलं, कुणी पोळी. माझं झाकण मात्र उघडंच राहिलं, मुंग्या आल्या.

मी आत गेलो असतो तर भाऊंचा श्वास कोंडला असता, हे मला ठाऊक आहे. तरी ते इंजेक्शन दिसलं की पोटात आग पडते. आता तर हर्षा इन्सुलिन देण्याआधी प्रत्येकाला विचारते, "नाश्ता आला का?" म्हणजे माझी गरजच संपली. हल्ली मी पोह्यांच्या ताटलीवरही जळतो.

पण नर्सताई, एक मागणं आहे. कुणाला घाम फुटला, हात कापू लागले, आणि तो अजून नीट गिळू शकत असेल, तर उशीर करू नका. माणूस शुद्धीत आहे तोवरच माझी पाळी असते. तेवढी तरी त्या सुईला देऊ नका.