आल्हादच्या खांद्यावरचं अजिन

मी काळवीट बोलतोय. आता माझा वीतभर तुकडाच उरलाय, पाठीवरचा, काळा कुळकुळीत. वनखात्याच्या एका कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहे. कुणी मला कातडं म्हणतं, गुरुजी अजिन म्हणाले, इथले बाबू मुद्देमाल म्हणतात. मी स्वतःला अजून काळवीटच समजतो. काळवीट जरा गर्विष्ठ असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

उज्जैनची घरं संपून जिथे हरभऱ्याची शेतं लागतात, तिथला मी. लहानपणी आई मला उभ्या गव्हात लपवून चरायला जायची. वयात आलो तशी पाठ काळी झाली, शिंगांना पीळ पडले आणि कळपात माझा रुबाब वाढला. शेतकरी आमच्यावर दगड फेकायचे, कुत्री सोडायचे. आम्ही त्यांचं पीक खायचो, त्यामुळे त्यांचा राग मला पटायचा. पोटभर जेवलेल्या माणसांशी गाठ अजून पडायची होती.

ती माणसं शहरातल्या फ्रीगंज भागातली. घरातले वडीलधारे प्रभाकरराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारांच्या दरबारी चाकरीला होते, आणि हे ते दूधवाल्यालाही ऐकवतात. मुंजीत बटूच्या खांद्यावर हरणाच्या कातड्याची पट्टी बांधतात, तेच अजिन. हल्ली बहुतेक लोक कापडाच्या तुकड्यावर भागवतात. या घराची रीत मात्र वेगळी. नवं अजिन करायचं तर ते घरच्या बंदुकीनं मारलेल्या जनावराचंच हवं, आणि जनावर मरताना बटूचा हात त्याला लागलेला हवा. पणजोबांच्या वेळचं अजिन ट्रंकेत जपून ठेवलं होतं, पुढच्या मुंजी त्यावरच झाल्या; आता त्याला कसर लागली. नेमकी तेव्हाच नातवाची, आल्हादची, मुंज ठरली.

"नाना, आजकाल याला जेल होते," त्यांचा मुलगा, आल्हादचा बाप आदित्य म्हणाला होता.

"आपल्या घरात कापडाचं अजिन आजवर झालं नाही," प्रभाकरराव म्हणाले. विषय संपला. हे सगळं मला मागाहून कळलं, त्यांच्याच गच्चीवर वाळत पडलो होतो तेव्हा.

आदित्यचा मित्र अनिकेत, त्याच्या शेतावर दाल-बाफल्यांचा, म्हणजे वरण आणि भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठरला. दोन्ही घरची माणसं आली. आदित्यची बायको मानसी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांपाशी कांदा चिरत बसली होती. ऊन उतरल्यावर पुरुष मंडळी म्हणाली, "रोझडे हाकलून येतो." नीलगायींना इथे रोझडे म्हणतात. त्यांनी आल्हादलाही जीपमध्ये बसवून घेतलं. जाताना आदित्यनं कांद्याची सुरी उचलली. दुसरी कुणी आणलीच नव्हती. बंदुकीच्या दस्त्यावर मात्र दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं.

आदित्यच्या पहिल्या बारात माझ्या शेजारची मादी पडली. ती गाभण होती. तिचं पोट फाटलं आणि आतलं पिल्लू मातीत पडून पाय झाडत राहिलं.

"अरे ही नाही! तो काळा!" प्रभाकरराव ओरडले.

त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अनिकेतनं गाडी हरभऱ्यात घातली. मी धावलो. आमच्यासारखं कुणी धावत नाही, हा गर्व मला अजून आहे. दुसरा बार मागच्या पायाला लागला, हाड मोडलं. मी तीन पायांवर उड्या घेत बांधापर्यंत गेलो.

"भाई, पैर गया उसका. आता जाऊन जाऊन कुठे जाईल?" अनिकेत हसत म्हणाला.

तिसरा बार पोटात बसला. बांध ओलांडताना माझी आतडी काट्यांना अडकली आणि मी कोसळलो. जीव जाईना. सगळे गोळा झाले. आदित्य सुरी घेऊन माझ्या मानेशी बसला. प्रभाकररावांनी आल्हादला पुढे ढकललं.

"शिंग धर. दोन्ही हातांनी."

सुरी कांद्याचीच, ती माझ्या मानेच्या केसांवरूनच घसरायची. आदित्य दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. रक्त पोराच्या शर्टावर उडत होतं.

"बाबा, लवकर करा ना," आल्हाद म्हणाला. "त्याला दुखतंय."

मग अनिकेतनं मला तिथेच सोललं. आल्हाद बांधाआड ओकत होता. आदित्यनं पाण्याच्या बाटलीनं त्याचं तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि बजावलं, "आईला सांगायचं, अजिन राम घाटावरच्या पूजेच्या दुकानातून आणलं. प्रॉमिस?" पोरानं मान हलवली. सगळे परतले आणि तुपात बुडवलेले बाफले जेवले. आल्हाद जेवला नाही. ऊन लागलं असेल, असं मानसीला वाटलं.

मला मीठ-हळद चोळून गच्चीवर वाळवलं. छर्ऱ्यांची भोकं टाळून ही पट्टी कापली, बाकीचा मी कुठे गेलो मला माहीत नाही. आल्हाद गच्चीवर यायचा बंद झाला. सारखे हात धुवायचा.

मुंजीच्या दिवशी गुरुजींनी मला त्याच्या उघड्या खांद्यावर बांधलं. तो खांदा सारखा मागे ओढत होता, गाठ दोनदा सुटली. भिक्षावळीची वेळ झाली. पहिली भिक्षा आईची. मानसी तांदूळ आणि लाडू घेऊन समोर उभी राहिली.

"ॐ भवति भिक्षां देहि," आल्हाद गुरुजींच्या मागून म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आई, लाडू नको. हे काढून घे. मी त्याचं शिंग धरलं होतं."

"कुणाचं?"

"याचं. बाबा तुझ्या कांद्याच्या सुरीनं कापत होते. तो मरतच नव्हता."

"सूनबाई, पाहुणे बसलेत," प्रभाकरराव म्हणाले.

मानसीनं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर माझ्या गाठी सोडल्या. काठाला एक भोक राहिलं होतं, त्यावर तिचं बोट थांबलं. दुसऱ्या दिवशी ऑटोनं तिनं मला इथे आणून दिलं.

आदित्य जामिनावर आहे. तारीख जवळ आली आहे. इथले बाबू बोलतात की वकिलानं आल्हादला शिकवायला घेतलंय, "मी जीपमध्ये झोपलो होतो" असं म्हणायला. आजोबा समजावतात, बाबा रडतात, आई एकटी नको म्हणते.

माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. मला जाळा, पुरा, मला त्याचं काही नाही. पण त्या पोराला झोपला होता म्हणायला लावू नका. आणि तुमच्यापैकी कुणी त्याला भेटलंच, तर एवढं सांगा. त्यानं शिंग एकाच हातानं धरलं होतं. दुसरा हात तो माझ्या कपाळावरून फिरवत होता, अगदी शेवटपर्यंत. त्याला वाटतं, त्यानं मला मारलं. त्याला सांगा, भोवती सगळे होते, पण मरताना माझ्याजवळ तो एकटाच होता.