भावोजींनी फोर्स लावला

कॉम्प्युटरसमोर बसले की भावोजी आधी बोटं मोडत. एकेक बोट, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. धाकटीला त्या आवाजाची शिसारी यायची. ती स्वतः एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची आणि त्या सर्व्हरपुढे बसताना तिनं कधी बोटं मोडली नव्हती. पण बाबांच्या लेखी कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस घरात एकच, तो म्हणजे थोरलीचा नवरा. धाकटी आपली ‘ऑफिसात काहीतरी करते’. भावोजी पंख्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर होते. मात्र ते बोलायचे मोठ्यानं, आणि जन्मभर करवतीशेजारी उभं राहून बाबांना ऐकू कमी यायचं. एवढ्या एका योगायोगावर भावोजींची सगळी विद्वत्ता उभी होती.

बाबांचा सुतारकामाचा कारखाना घराच्या मागच्या बाजूला होता. तिथं लाकडावर नक्षी कोरणारं एक मशीन होतं आणि ते चालवणारा एक जुना कॉम्प्युटर, भुश्शापासून वाचवायला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. भावोजींनीच घातलेलं, आणि घातल्यापासून प्रत्येक पाहुण्याला सांगितलेलं. त्यांचा आणखी एक अभिमान होता : हा कॉम्प्युटर कधी बंद होत नाही.

“रीस्टार्ट करतात ते अडाणी,” ते म्हणायचे. “लिनक्सला त्याची गरजच नसते.”

त्या दिवशी धाकटी सुट्टीला घरी आली होती. भावोजी मशीनचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून मशीन चालवून घेणारा प्रोग्रॅम, घालायला आले होते. जुना उत्तम चालत होता, पण नव्यानं मशीन पळेल असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. बाबांच्या टेबलावर अक्रोडाची एक रुंद फळी पडली होती. गावातल्या वाचनालयाच्या दारासाठी होती ती. कडेची वेलबुट्टी बाबांनी पटाशीनं हातानं कोरली होती. मधलं वर्तुळ तेवढं मशीननं कोरायचं होतं.

भावोजींनी जुना ड्रायव्हर काढला, नवा बसवायला गेले, आणि स्क्रीननं नकार दिला. मॉड्यूलचा फॉरमॅट चुकीचा आहे, म्हणाली. भावोजींनी तीच ओळ पुन्हा मारली. तोच नकार. मग त्यांनी ती जोरात मारली, जणू कीबोर्डला कमी ऐकू येत होतं.

धाकटी मागं उभी होती. तिनं वाचलं आणि तिला लगेच उलगडलं. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे त्या गाभ्याला जोडायचा तुकडा, इथं हा नवा ड्रायव्हर. दोन्हींवर एकाच आवृत्तीचा नंबर असावा लागतो. भावोजींनी मागे कधीतरी अपडेट मारून नवा कर्नेल डिस्कवर आणून ठेवला होता. मॉड्यूल त्या नव्या कर्नेलसाठी तयार झालं होतं. पण रीस्टार्ट अडाणी करतात ना! त्यामुळे मेमरीत अजून जुनाच कर्नेल चालत होता. एकदा बंद करून चालू केलं की मिटलं.

“भावोजी, चालू कर्नेल जुना आहे. आधी रीस्टार्ट—”

“मेहुणीबाई,” भावोजी मागं न बघता म्हणाले, “तुम्ही चहा टाका बरं. हे जरा खोलातलं आहे.”

बाबा हसले. वाईट हेतूनं नाही. जावयाच्या विनोदाला हसतात तसे. पण हसले. बरं, धाकटी मनात म्हणाली. पाजळा अक्कल. तिनं चहा टाकला नाही. भिंतीला टेकून हाताची घडी घातली आणि पुढचा तमाशा बघायला सज्ज झाली.

भावोजी मोबाइलवर काही शोधत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. “फोर्स!” ते ओरडले. “नंबर तपासूच नकोस म्हणून सांगायचं त्याला. या सिस्टीम उगाच नाटकं करतात.”

फोर्स लावला. मॉड्यूल बसलं. रिकामं मशीन डावीकडं सरकलं, उजवीकडं सरकलं, वर-खाली झालं. भावोजींनी खुर्ची गोल फिरवून सगळ्यांकडं पाहिलं. थोरली दारात डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिच्या घरी भावोजींनी दुरुस्त केलेला मिक्सर माळ्यावर होता, इस्त्री माळ्यावर होती, दारावरची बेलसुद्धा माळ्यावर होती.

“चढवा फळी, बाबा!”

बाबांनी फळी उचलली. धाकटीनं स्क्रीनकडं पाहिलं. नंबर जुळत नसताना बसवलेलं मॉड्यूल गाभ्यातली कुठली जागा कुठली समजून वाचेल, याचा नेम नसतो. चाललं तर चाललं. नाहीतर... तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात भावोजी बाबांना म्हणाले, “काहींना वाटतं, ऑफिसात बसलं की सगळं कळतं.” तिनं तोंड मिटलं.

वर्तुळाची पहिली कमान देखणी उतरली. बाबा वाकून कौतुकानं बघत होते. मग मशीन क्षणभर थबकलं, आणि पातं एकदम खाली घुसून आडवं सुटलं. वर्तुळ सोडून, वेलबुट्टी फाडत, थेट कडेपर्यंत. बाबांनी लाल बटणावर हात मारला. मशीन थांबलं. स्क्रीन गोठली होती.

बाबांनी भुस्सा फुंकला आणि चिरेवरून अंगठा फिरवला. चीर आरपार होती.

“लाकडात गाठ असणार,” भावोजी म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. “या फळीत गाठ नव्हती, जावईबापू. मी निवडली होती ती.”

“नाही, म्हणजे आतून कधीकधी—”

“अहो,” थोरली दारातून म्हणाली, “निदान लाकडाचं तरी बाबांना कळू द्या.”

भावोजींनी उगाच प्लॅस्टिकचं कव्हर नीट केलं. धाकटीला आतून गुदगुल्या होत होत्या. याच क्षणासाठी तर ती उभी होती. ती पुढं झाली, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. नवा कर्नेल आला, नवं मॉड्यूल मुकाट्यानं जागेवर बसलं, मशीनवरचा हिरवा दिवा लागला. “एवढंच होतं,” ती म्हणाली. आवाजातला तोरा तिला लपवता आला नाही, आणि लपवायचाही नव्हता.

“एवढंच?” बाबांनी विचारलं.

“हो. नंबर जुळत नव्हते. मी सांगायला गेले होते.”

“गेली होतीस. ऐकलं मी अर्धवट.” बाबा फळीजवळच उभे होते. “आणि मी फळी चढवली, तेव्हा? तेव्हा माहीत होतं तुला, बिघडेल म्हणून?”

“बिघडेलच असं नाही. बिघडू शकेल, एवढं.”

“आणि तू तिथं हाताची घडी घालून उभी राहिलीस.”

तिच्याकडं उत्तर होतं. चहा टाका म्हणाले, तुम्ही हसलात, या घरात माझं कोण ऐकतं. सगळं खरं होतं आणि ओठांवर आलेलं होतं. पण बाबांचा अंगठा अजून त्या फाटलेल्या वेलीवर होता, आणि त्यापुढं ते सगळं फार चिल्लर वाटलं. भावोजींना तेवढ्यात धीर आला. “बघा ना, वेळेवर बोलायला हवं होतं,” असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

तसं अक्रोड पुन्हा मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा वाचनालयात सांगायला निघाले, तेव्हा धाकटी न बोलावता सोबत गेली. ग्रंथपाल बाई चष्म्याआडून दोघांकडं बघत राहिल्या.

“दुसऱ्या लाकडाचं करून देतो,” बाबा म्हणाले. “त्या अक्रोडाइतकं देखणं होणार नाही.”

“पण झालं काय? मशीन बिघडलं का?”

“मशीनला काय धाड भरलीय,” बाबा म्हणाले. “एक जावई आहे, त्याला काही कळत नाही. एक मुलगी आहे, तिला सगळं कळतं. आणि मी दोघांच्या मध्ये फळी घेऊन उभा होतो.”

बाईंना हसावं की नाही ते कळेना. धाकटीनं खाली बघून टेप काढली आणि दाराच्या चौकटीचं माप पुन्हा घ्यायला लागली.