बँडच्या पावलांनी चालणारी गाडी

आमच्या ब्रॅकनशॉ गावात दरवर्षी एक मुलगी गुलाबराणी होते; तिची मिरवणूक जूनच्या अखेरच्या शनिवारी निघते, आणि तिचा क्रम माझ्या जन्माच्याही आधीपासून ठरलेला आहे. पुढे चॅपलचे निशाण, त्यामागे पितळी वाद्यांचा बँड, बँडमागे राणीची गाडी, आणि मग बाकीचे सारे जग. राणीची गाडी म्हणजे थ्रेल्फॉलांची गाडी. ही गोष्ट गावात कोणाला सांगावी लागत नाही. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी लागत नव्हती.

माझ्या सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा त्यांची सूतगिरणी अजून जोरात चालत होती. गर्द हिरवा रंग, दुमडता टप, तांबड्या कातड्याची बैठक. सोळाव्या वर्षी मी स्वतः गुलाबराणी झाले, तेव्हा दुमडलेल्या टपावर बसून याच गाडीतून मिरवले. चालवायला सासऱ्यांचे थोरले चिरंजीव हार्टली होते. साऱ्या वाटेत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले: "ए, झगा आवर, चाकात जाईल." पुढे त्यांच्याशीच माझे लग्न झाले, आणि त्या वाक्यावरून मी त्यांना जन्मभर छळले.

ही गाडी माळावरच्या रस्त्यांनी भरधाव धावण्यासाठी घडवलेली. बँडच्या पावलांनी सरपटणे तिच्या स्वभावात नाही. धावताना वाऱ्याने रेडिएटरचे पाणी आपोआप निवते. सरपटताना वारा कोठून यायचा? म्हणून हार्टलींनी फार वर्षांपूर्वी मूळचा, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून भंगारातून आणलेला एक विजेचा पंखा बसवला. बिस्किटांच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा त्याचा आवाज होता. चॅपलच्या चढाला लागले की ते बटण दाबत आणि शेजारी बसलेल्या मला म्हणत, "एनिड, आता बोलू नकोस, काटा बघ." मी पाण्याचा ताप दाखवणारा काटा बघत असे. पुढे तुतारीवाल्यांच्या पाठी, मागे कोणाची तरी लेक मुकुट सावरत बसलेली, दोन्ही कडांना सारा गाव, आणि माझी नजर त्या बोटभर काट्यावर. आज मागे वळून पाहताना वाटते, इतकी सुखाची चाकरी मी दुसरी केली नाही.

हार्टली गेल्यावर गाडी मीच चालवू लागले. पंखा म्हातारा झाला होता. गेल्या वर्षी ऐन चढावर रेडिएटर उकळला, वाफेचा ढग उठला आणि राणीला पांढऱ्या सपाता चिखलात बुडवत उरलेली वाट पायी जावे लागले.

त्यानंतर मिरवणूक समितीचा अध्यक्ष नॉर्मन ऑल्कॉक माझ्याकडे चहाला आला. चहा संपेपर्यंत तो हवामानावर बोलला.

"एनिडबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण समिती म्हणते, भाड्याची गाडी आणू. पांढरी, लांबलचक. नवीकोरी."

"समिती म्हणजे कोण रे, नॉर्मन?"

"म्हणजे... तसं बघायला गेलं तर मीच."

"लहानपणी माझ्या बागेतली गूजबेरी चोरायचास, तेव्हाही पकडल्यावर 'आम्ही' म्हणायचास."

तो हसला, पण हटला नाही. अखेर इतकेच पदरात पडले: यंदा गाडी आमची. राणीला मैदानाआधी उतरावे लागले, तर पुढच्या वर्षापासून भाड्याची. आणि मग थ्रेल्फॉलांची गाडी मिरवणुकीत पुन्हा नाही. माझ्यापाशी हार्टलींचे उरले होते ते एवढेच. थडग्यावर मी फुले ठेवते, पण तिथे ते मला कधी भेटले नाहीत. भेटतात ते त्या चढावर.

माझा मुलगा डंकन, बोल्टन शहरातल्या एका गराजात काम करतो. त्याने बॉनेट उघडले आणि नाक मुरडले.

"आई, हा पंखा काढायलाच हवा. याच्यापेक्षा तू पेपराने वारा घाल."

"तुझ्या बाबांनी बसवलाय तो."

"बाबांनीच भंगारातून आणला होता ना? आज ते असते तर माझ्याआधी पाना घेऊन खाली सरपटले असते."

हे खरे होते. "काढ," एवढेच म्हटले, "पण बटण तेच राहील. डॅशबोर्डला नवं भोक पडलेलं मी खपवून घेणार नाही."

त्याने रेडिएटरच्या मागे दोन पातळ, काळे पंखे शेजारी शेजारी बसवले. रेडिएटरची सगळी रुंदी झाकणारे. नव्या जाड तारा ओढल्या, बटण जुनेच ठेवले. आम्ही माळावर फेरी मारून आलो. काटा मध्यावरून हलला नाही. डंकन शीळ घालू लागला. धावत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्यामुळे तो काटा बिनपंख्याचाही चढला नसता, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

मिरवणुकीच्या सकाळी गाडी अंगणात घरघरत उभी होती. यंदाची राणी इमोजेन, टपालवाल्याची मुलगी, झगा गोळा करून पायरीवर बसली होती. मी नेहमीप्रमाणे गाडीच्या नाकावर पांढऱ्या फिती बांधत होते, तोच डंकन ओरडला.

"आई, काटा चढतोय!"

"मग पंखे लाव."

"लावलेत! ऐकू येत नाहीयेत का? दोन्ही गरगरतायत!"

"आजी, मला पण चालत जायला लागणार?" इमोजेनने घाबरून विचारले.

"थ्रेल्फॉलांच्या गाडीतून एकदा एकजण उतरली, तेवढं पुष्कळ झालं. तू मुकुट सांभाळ."

मी तिला असे ठणकावले आणि पुन्हा फितींकडे वळले. फितीची गाठ मारायला वाकले, तेव्हा तिची दोन टोके उडून माझ्या तोंडावर आली. मी ती खाली दाबली, पुन्हा आली. आणि मी जागच्या जागी थांबले. हार्टलींचा पंखा चालू असला की फितीची टोके रेडिएटरपुढच्या जाळीला जाऊन चिकटत, आत ओढली जात, आणि दरवर्षी मला ती बोटांनी उपसून काढावी लागत. त्यावर ते म्हणत, "भुकेजली आहे बिचारी." आज गाडी फिती खात नव्हती, थुंकत होती.

"डंकन, पंखे उलटे फिरतायत. वारा पुढे फेकतायत."

"शक्यच नाही, आई. लाल तार बटणाला, काळी बॉडीला. अगदी नियमाने केलंय."

"बॉडीला काळी का?"

"कारण बॉडी मायनस असते. सगळ्या गाड्यांची."

"सगळ्या म्हणजे तू जन्मल्यानंतरच्या. या गाडीची बॉडी प्लस आहे, म्हणून पंखे उलटे. दर हिवाळ्याला बॅटरी काढताना तुझे बाबा कंदील धरायचे आणि प्लसवरून बॉडीला गेलेली पट्टी मी सोडायचे, मला सांगतोस?"

 डंकनने स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की ग्रीसची पाच बोटे उमटली. कोपऱ्यावर बँड सूर जुळवू लागला होता. त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि बटण दाबले. फितीची टोके सळसळत जाळीला चिकटली. काटा थबकला, आणि अगदी सावकाश, मानी माणसाने माघार घ्यावी तसा, खाली आला.

मिरवणूक निघाली. चॅपलच्या चढावर बँड नेहमीप्रमाणे आणखी मंदावला, कारण मोठा ढोल वाहणाऱ्या गृहस्थांचे गुडघे आता माझ्यासारखेच झाले आहेत. शेजारची जागा मी रिकामी ठेवली होती. काटा मलाच बघायचा होता आणि रस्ताही. नव्या पंख्यांचा आवाज मांजराच्या घुरघुरण्यासारखा; त्या गांधीलमाशीची मला फार आठवण आली. तरी चढाच्या मध्यावर मी सवयीने ओठ मिटून घेतले, बोलायला कोणी नसतानाही.

इमोजेन मैदानावर पोचली आणि सतरंजीवर कोरड्या सपातांनी उतरली. टाळ्या झाल्या, भाषणे झाली. मग मी गाडी बाजूला घ्यायला किल्ली फिरवली, आणि गाडीने साधा हुंकारही दिला नाही. दोन पंख्यांची भूक मोठी. त्या सरपटत्या चालीत जुना डायनामो तेवढी वीज करू शकला नव्हता, आणि बॅटरी पार रिकामी झाली होती.

नॉर्मन लगबगीने आला. चेहऱ्यावरचा आनंद त्याला नीट लपवता येत नव्हता.

"एनिडबाई, बंद पडली की हो!"

"राणी उतरल्यावर पडली, नॉर्मन. तुझी अट काय होती, ती सगळ्यांसमोर मोठ्याने सांग."

भोवती बँडवाले उभे होते, इमोजेनचे वडील उभे होते. नॉर्मनने सगळ्यांकडे पाहिले. "राणीनं मैदानाआधी उतरायचं नाही," तो पुटपुटला.

"उतरली?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी बॅटरी मोठी बसवू. पुढे उतार आहे, गियरात टाकली की होईल चालू. आता कोट काढ आणि मागून ढकल."

नॉर्मनने कोट काढला.