हाराआडचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. जुना म्हणजे साठ वर्षांहून अधिक, पण मोडका नाही. माझ्या माथ्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची उठावदार मुद्रा आहे. नागपुरात माझ्या तोडीचा दुसरा कागद असेल, तर त्याने खुशाल पुढे यावे.

माझा जन्म वॉशिंग्टनचा. टाइपरायटरच्या अक्षरांनी मला चांगलेच ठोकून काढले. त्या दिवशी अंग दुखले, पण तो मार पुढे फार कामी आला.

मी उत्तर घेऊन निघालो होतो. पत्र लिहिले होते धोंडबांनी. ते कापड गिरणीत माग चालवत आणि गिरणी सुटली की उत्तर नागपुरातल्या आपल्या वस्तीत वाचनालय उघडत. राष्ट्राध्यक्षांना त्यांनी मराठीतच लिहिले. शाळेच्या मास्तरांकडून इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडले. माझ्यावर मजकूर होता तो एवढाच : आपले पत्र राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांत जतन केले आहे, खाली दिलेला क्रमांक सांभाळून ठेवावा.

मी आलो तेव्हा सारी वस्ती गोळा झाली. धोंडबांनी मला उभ्याने तीनदा वाचले. मग मला काचेची चौकट मिळाली आणि वाचनालयाच्या भिंतीवर मानाची जागा. दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बर्डीच्या फुलबाजारातून हार येत. बाबासाहेबांच्या तसबिरीला एक आणि मला एक. मी किती फुगलो असेन, विचारू नका!

पण मित्रांनो, झेंडूचे हार पाणी शिंपडलेले असतात. ते पाणी काचेवरून ओघळे आणि चौकटीच्या खालच्या फटीतून आत झिरपे. तळाशी बुरशी धरली. क्रमांकाची शाई फिकी होत होत उडाली. धोंडबा गेले, त्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. मला मात्र हार चढतच राहिले. वाचत कोणीच नव्हते.

धोंडबांची मुलगी यमुताई. चाळीस वर्षे तिने बिड्या वळल्या. बापाचा फोटो तिच्याजवळ होता, पण त्याच्या हातचे एक अक्षरही उरले नव्हते. मरण्याआधी ते एकदा पाहायचे, एवढाच तिचा ध्यास. तिची नात मयुरा ग्रंथालयाचे शिक्षण घेते. राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे जपणाऱ्या अमेरिकेतल्या संग्रहालयाला तिने लिहिले. उत्तर आले, "त्या वर्षी लाखो पत्रे आली होती. नावावरून सापडले नाही. क्रमांक कळवा."

तो क्रमांक माझ्यावर शोधायला दोघी वाचनालयात आल्या. वाचनालय सांभाळणारा नागसेन आडवा उभा राहिला.

"फ्रेम काहून खोलता यमुताई? फाटला तं? सारी वस्ती हात जोडते याले."

"हात जोडता, पण वाचलं का गा कोणी?" यमुताई म्हणाली. "माह्या बापानं हे हारासाठी मांगवलं होतं का? आत सडून राहिला तो. खोल."

नागसेनने खिळे काढले. तळ पाहून त्याचा चेहरा उतरला. क्रमांकाच्या जागी नुसता पिवळट डाग होता.

"हे तं माह्याच हारानं झालं," तो पुटपुटला.

यमुताईने हात पदराला पुसले आणि त्या डागावरून हलकेच बोट फिरवले. बिडीच्या तेंदूपानाची शीर ओळखणारे बोट ते!

"मयुरा, इथं खड्डे लागून राहिले वं मले."

मी मनात म्हणालो, शाई गेली, पण मार कुठे जातो? मयुराने मला खिडकीशी नेऊन उन्हात तिरपे धरले. ठोक्यांच्या खोलगट खुणांत सावल्या उतरल्या आणि एकेक आकडा उभा राहिला. सातच्या सात!

तीन आठवड्यांनी धोंडबांच्या पत्राची प्रत आली. मयुराने ती वाचून दाखवली :

"आमच्या वाचनालयात एकतीस पुस्तके आहेत आणि वाचणारे ऐंशी. तुमच्याकडे मजुरांची वाचनालये कशी चालतात, ते कळवावे. माझी मुलगी यमुना चार वर्षांची आहे. तिने आज पहिले अक्षर काढले. ते खाली आहे."

खाली एक वाकडा 'य' होता.

"आजी, हा तर तुझा!"

"माहाच वं," यमुताई म्हणाली. "माह्या बापानं माहं अक्षर अमेरिकेले धाडलं, अन् मलेच ठाऊक नाही!" ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मित्रांनो, आता मी चौकटीत नाही. मयुराने दिलेल्या जाड पाकिटात, कोरड्या कपाटात राहतो. तुमच्याही घरी असे कागद असतील. त्यांना खिळ्यावर टांगून पाठ फिरवू नका. कोरड्या हातांनी बाहेर काढा, वाचा, पुन्हा नीट ठेवा. आम्हाला मान नको असे नाही, पण वाचणारा माणूस आधी हवा.

यंदाही नागसेनने हार आणला. तो त्याने वाचनालयाच्या दाराला बांधला. मग हात पुसून मला बाहेर काढले आणि जमलेल्या मुलांसमोर, अडखळत का होईना, माझी ओळ न् ओळ मोठ्याने वाचली.